थोडे थोडे शेरे

१२ जानेवारी

प्रिय मास्तरीण,

घरात आम्ही सगळे तुला हेच म्हणायचो, म्हणून हेच लिहिते. आधी सवयीनं ‘चि. सौ.’ लिहिलं आणि खोडलं. मग नुसतं ‘चि.’ ठेवलं, तर ते पाय तुटलेल्या खुर्चीसारखं दिसायला लागलं.

मुद्द्याचं लिहिते. सप्टेंबरात मी निवृत्त होतेय. आमच्या हॉस्पिटलचा संगणक विभाग तू पाहिला आहेस. तळमजल्यावरची ती खोली, जिथला एसी मशीनांसाठी असतो आणि माणसांनी स्वेटर घालून बसायचं असतं. तिथून निघण्याआधी एक काम मार्गी लावायचं आहे.

औषधांच्या आणि लसींच्या प्रत्येक फ्रिजवर आमच्याकडे अलार्मची एक छोटी पेटी आहे. आतलं तापमान वाढलं की पेटी ड्यूटीवरच्या माणसाला फोन लावते. ड्यूटी बदलली की पेटीतला नंबर बदलावा लागतो. आजवर मी लॅपटॉप आणि केबल घेऊन वॉर्डावॉर्डात फिरते आणि एकेका पेटीत नंबर घालते. सिस्टर मंडळी म्हणतात, ‘मीटरवाल्या बाई आल्या.’

आता पेट्या नेटवर्कला जोडल्या आहेत. सगळी मशीनं एका जागेवरून सांभाळायचं साधनही साहेबांनी आणलंय, तू वापरतेस तेच. त्यात नेहमीच्या कामांची मॉड्यूल्स तयार मिळतात, पण आमच्या पेटीचं मॉड्यूल कुठून असणार? पेट्या बनवणारी कंपनीच बंद पडली. साहेब म्हणाले, बाहेरच्यांना कंत्राट देऊ. मी म्हटलं, मॉड्यूल मी लिहिते. ते हसले नाहीत. फक्त माझ्या निवृत्तीची तारीख विचारली.

मॉड्यूल लिहिणं हे तुझं रोजचं काम. मला शिकवशील का?

माझ्या मुलाचा आणि तुझा घटस्फोट होऊन वर्ष होत आलं. कागदोपत्री तुझ्या-माझ्यात आता काही नातं नाही. एखादं नातवंड असतं तर त्याच्या निमित्तानं तरी बोलणं झालं असतं. तेही नाही. तुला लिहावंसं पुष्कळदा वाटलं, पण निमित्त नव्हतं. हे मिळालं, मी धरलं.

फोन नको करूस. तो सध्या माझ्याकडेच राहतो आणि मोबाइल वाजला की ‘कोण गं?’ विचारतो.

तुझी विद्यार्थिनी (करून घेतलंस तर)


१५ जानेवारी

मॅडम,
स. न. वि. वि.

मेल मिळाली. शिकवीन. कंत्राट द्यायचं काही कारण नाही. तुम्हाला त्या पेट्या माहीत आहेत, बाहेरचे लोक आधी त्या कुठल्या भिंतीवर आहेत ते विचारत फिरतील.

सुरुवात सोपी आहे. मॉड्यूल म्हणजे निरोप्या समजा. साधन त्याला सांगतं, ‘जा, अमुक पेटीत अमुक नंबर असायला हवा.’ तो जातो, काम करतो आणि परत येऊन तीनपैकी एक उत्तर देतो. ‘बदललं.’ ‘होतं तसंच ठीक आहे.’ किंवा ‘जमलं नाही, कारण हे.’ चौथं उत्तर नाही. आणि जे सांगेल ते खरं असायला हवं.

एकच अट. एक सुटी पेटी तुमच्या टेबलावर ठेवा आणि सगळे प्रयोग तिच्यावर करा. मी ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत वॉर्डातल्या पेट्यांना लावू नका.

लिहून झालं की फाइल पाठवा, मी वाचून शेरे देईन.

आपली


१६ जानेवारी

प्रिय मास्तरीण,

मला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव, माझा आग्रह नाही. पण ‘मॅडम, स. न. वि. वि.’ वाचलं की वाटतं, खाली तू रजेचा अर्ज जोडला असशील.

सुटी पेटी मिळाली. स्टोअरमध्ये तुटक्या स्ट्रेचरखाली होती. टेबलावर ठेवलीय आणि शेजारी चहाच्या ग्लासात थर्मामीटर. पाहुणीसारखी सरबराई चाललीय तिची.

निरोप्याचं आवडलं. आमच्या घरात तेच नव्हतं. सगळे निरोप द्यायला तयार, उत्तर घेऊन येणारं कुणी नाही.

अभ्यासाला लागते.

वि.


२ फेब्रुवारी

नमस्कार,

फाइल वाचली. खरं सांगू? मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच चांगली आहे. पेटीशी बोलायची ती विचित्र भाषा तुम्ही इतकी नीट बसवली आहे की मला दोन ठिकाणी थांबून बघावं लागलं.

आजचा शेरा. पेटी सापडली नाही, तर तुमचं मॉड्यूल सांगतं, ‘काहीतरी चुकलं.’ एखाद्या पेशंटनं ‘काहीतरी दुखतंय’ एवढंच सांगितलं तर सिस्टर काय करतील? कुठली पेटी, काय विचारलं, काय उत्तर आलं, हे सगळं त्या एका ओळीत यायला हवं. सप्टेंबरनंतर ती ओळ वाचणारं माणूस दुसरं असेल, आणि त्याला विचारायला तुम्ही तिथे नसाल.

आज एवढंच. बाकीचं पुढच्या पत्रात. घाई नाहीये ना?

मास्तरीण (आता म्हणताच आहात तर)


५ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीण,

घाई कसली? एका पत्रात एक शेरा, असंच चालू दे. जास्त दिलेस तर माझ्या डोक्यातून उतू जातात.

‘काहीतरी चुकलं’ काढून टाकलं. आता माझं मॉड्यूल इतकं सविस्तर रडतं की तुझ्या मामेसासूबाई आठवतील.

काल जेवताना तो म्हणाला, “हल्ली सारखी टाइप करत असतेस. कुणाला?” मी म्हटलं, “ऑफिसचं आहे.” खोटं नव्हतं. तो म्हणाला, “या वयात ऑफिसचं घरी आणतेस?” मी म्हटलं, “तुझ्या वयात तू घरच ऑफिसात हलवलं होतंस, ते काय बरं होतं?” मग भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाला. झालं नव्हतं.

तो वाईट नाही, हे मी तुला सांगायला नको.

टेबलावरच्या पेटीवर मॉड्यूल रोज चालवते. दर वेळी पिवळ्या अक्षरात ‘बदललं’ येतं. बघून बरं वाटतं.

वि.


२० फेब्रुवारी

नमस्कार,

उशीर झाला, कामात होते.

या वेळचा शेरा. पेटीचा पासवर्ड तुमच्या अहवालात जसाच्या तसा छापून येतोय. म्हणजे घराला कुलूप लावायचं आणि किल्ली कुठे ठेवलीय त्याची दवंडी पिटायची. तो झाकायची सोय साधनात आहे. कशी करायची ते खाली लिहिलंय.

तुमच्या त्या ओळीवर मी ऑफिसात मोठ्यानं हसले. मामेसासूबाईंची. शेजारच्यानं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “क्लायंटचा जोक.” क्लायंट कोण ते सांगायला गेले असते तर त्याचा जेवणाचा डबा तसाच राहिला असता.

नवी जागा ठीक आहे. दोन खोल्या, खिडकीखाली गॅरेज. दिवसभर कुणीतरी स्कूटर सुरू करून बंद करून बघत असतं. सवय होते. रविवारी गॅरेज बंद असतं, तेव्हाच चुकल्यासारखं वाटतं.

अजून एकदोन शेरे आहेत. सावकाश देते.

मास्तरीण


२४ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीण,

पासवर्ड झाकला. सोबत फाइल आहे.

एकटी जेवतेस तेव्हा ताट वाढून घेतेस की पातेल्यातच? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, मला माहीत आहे.

साहेब रोज विचारतात, ‘कुठवर आलं?’ मी म्हणते, शेवटचा हात फिरवतेय. म्हणाले, “बाई, हात फिरवता फिरवता तुमचा निरोपसमारंभ येईल.” त्यांचं बोलणं तू मनावर घेऊ नकोस. मीही घेत नाही.

पुढचा शेरा येऊ दे.

वि.


२७ मार्च

नमस्कार,

पुन्हा उशीर. या वेळी फारच झाला. कामच होतं.

आता जरा महत्त्वाचा शेरा देते.

तुमचं मॉड्यूल पेटीपर्यंत जातं आणि नंबर, तापमानाच्या मर्यादा, सगळं नव्यानं लिहून येतं. आत आधी काय होतं ते बघतच नाही. म्हणून दर वेळी ‘बदललं’ येतं. नंबर बरोबर असला तरीही.

रागावू नका, पण मला हे वाचताना हसू आवरेना. तुम्ही माझ्याकडे यायचात आणि पर्स खाली ठेवायच्या आधी डबे उतरवून, पुसून, पुन्हा लावायचात. ते आधीच पुसलेले असायचे, आई. तुमच्या जागी लागलेले नसायचे एवढंच.

मॉड्यूलनं आधी विचारायचं, ‘काय आहे आत?’ हवं तसंच असेल तर हात न लावता परत यायचं आणि सांगायचं, ‘ठीक आहे.’ चांगल्या मॉड्यूलचा बहुतेक वेळ काहीही न करण्यात जातो.

हे लवकर बदला. माझ्या आठवणीप्रमाणे या जातीच्या पेट्या सेटिंग लिहिलं की स्वतःला बंद-चालू करतात, आणि चालू झाल्यावर काही वेळ अलार्म दाबून ठेवतात, म्हणजे दार उघडं असलं तर उगाच बोंब नको. टेबलावरच्या पेटीचं ठीक आहे, पण वॉर्डात गेल्यावर ते चालणार नाही.

मास्तरीण


२८ मार्च

हा शेरा तुला कधी दिसला?


२८ मार्च

आई, फोन उचला. तीनदा केला. काय झालंय?


३१ मार्च

फोन उचलला नाही, कारण बोलायला गेले असते तर आवाज चढला असता.

तू ‘टेबलावरच्या पेटीचं ठीक आहे’ असं लिहिलं आहेस. मॉड्यूल टेबलावर नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला ते मी वॉर्डातल्या सगळ्या पेट्यांना लावलं. साहेबांनी कंत्राटाचे कागद माझ्यासमोर ठेवले, तेव्हा मी म्हटलं, “कशाला? माझं चालू झालंय,” आणि खाली येऊन खरंच चालू केलं. तुला सांगितलं नाही. एकदोन शेरे उरलेत म्हणाली होतीस, ते येतील तसे दुरुस्त करू, असं मनात होतं. सिस्टर लोक ड्यूट्या आपापसात कधीही बदलतात, म्हणून ते दर अर्ध्या तासानं आपोआप चालावं असं ठेवलं.

सगळ्या पेट्यांसमोर पिवळं ‘बदललं’ यायचं. मला वाटायचं, किती राबतंय बिचारं.

पेट्या दर अर्ध्या तासाला बंद-चालू होत होत्या. अलार्म दाबायची वेळ संपायच्या आत पुन्हा बंद-चालू, म्हणून अलार्म कायम दाबलेलाच. मुलांच्या ओपीडीतला लसींचा फ्रिज शनिवारी बिघडला. रविवारी ओपीडी बंद. सोमवारी फार्मसीच्या बाईंनी दार उघडलं, तर आत बाहेरच्याइतकंच गरम. पेटीवर हिरवा दिवा.

कुणाला ती लस दिली गेली नाही. बाटल्यांवर उष्णतेनं रंग बदलणारी खूण असते, ती बघूनच बाईंनी त्या बाजूला काढल्या. पण कडेवर पोरं घेऊन लांबून आलेल्या आयांना परत पाठवावं लागलं. मी तिथे उभी होते. एकजण विचारत होती, “उद्या या म्हणजे नक्की ना? मला रजा मिळत नाही.” तिच्या पोरानं बाही वर करून ठेवली होती.

तुझं पत्र त्यानंतर आलं. त्यात डब्यांचा विनोद होता.

म्हणून पुन्हा विचारते. हा शेरा तुला कधी दिसला?


१ एप्रिल

आई,

पहिल्या दिवशी. तुमची पहिली फाइल उघडली त्याच दिवशी.

मॉड्यूल वाचायला घेतलं की आम्ही सगळ्यात आधी हेच बघतो. मी पहिल्या शेऱ्यात ही मोठी चूक नाही, ‘काहीतरी चुकलं’ची ओळ धरली, कारण ती छोटी होती. मग पासवर्डाची. मोठा शेरा दिला असता तर तुम्ही आठवड्यात दुरुस्त करून पाठवलं असतं, मी ‘ठीक आहे’ म्हटलं असतं, आणि मग पुढे काय लिहायचं? तुम्हाला ‘कशा आहात’ असं विचारायचा हक्क मला कशावरून होता? शेरे होते म्हणून पत्रं होती. मी ते पुरवून पुरवून वापरले.

मॉड्यूल टेबलावरच आहे असं मला वाटत होतं, हे खरं आहे, पण ते कारण म्हणून सांगत नाही. साहेबांना माझं नाव सांगा. चौकशीला बोलावलं तर येते.

शेरे एकदम पाठवते आहे. एकदोन म्हटलं होतं, पण आणखी तीन आहेत. यानंतर माझ्याकडे काहीही राखून ठेवलेलं नाही.


९ एप्रिल

मास्तरीण,

वाचलं. राग आहे. तुझ्यावर अर्धा आहे, उरलेला माझा मलाच पुरतोय.

तुझं नाव सांगितलं नाही. “हे कुणी लिहिलं?” असं साहेबांनी विचारलं, “मी” म्हटलं. खरंच मी लिहिलं. वॉर्डात लावलंही मी. तू नको म्हणाली होतीस. दुसऱ्याच्या माथी मारायला मी काय आज नोकरीला लागलेय?

साहेब म्हणाले, मॉड्यूल काढून टाका, कंत्राट देऊ. फार्मसीच्या बाई मध्ये पडल्या. त्यांच्याच लसी गेल्या होत्या, म्हणून मला वाटलं आता त्या उरलंसुरलं बोलतील. म्हणाल्या, “बाहेरचे लोक येऊन नवीन चूक करणार. यांना निदान जुनी कळलीय. पण मी समोर उभी राहणार आणि माझं समाधान झालं तरच लावायचं.”

तोवर पुन्हा केबल घेऊन वॉर्डातून फिरतेय. गुडघे कुरकुरतात. फिरू देत.

एक सांगायचं राहिलं. ‘एका पत्रात एक शेरा चालू दे’ असं मीच लिहिलं होतं. तुझा सावकाशपणा मला कळत नव्हता असं समजू नकोस. बारा पानांची फाइल तू एका चहात वाचतेस. मला कळत होतं आणि बरंही वाटत होतं. त्या पोराच्या वर केलेल्या बाहीपुढे हे दोघींचं बरं वाटणं मांडलं, की मान खाली जाते.

फाइल सोबत आहे. आता मॉड्यूल आधी विचारतं. नंबर बरोबर असेल तर हात लावत नाही. बदलला, तर पेटी पुन्हा जागी होईपर्यंत तिच्याजवळ थांबतं, तिला एकदा वाजायला लावतं, ती वाजली तरच पुढच्या पेटीकडे जातं. सगळ्यांना एकदम नाही, एकीनंतर एक. वेळ लागतो. लागू दे.

जसं आहे तसं सांग. राखू नकोस.


११ एप्रिल

आई,

तीनदा वाचलं.

शेरा नाही.


२३ एप्रिल

प्रिय मास्तरीण,

आज फार्मसीच्या बाईंसमोर चालवलं. त्यांनी आधी मला खोलीबाहेर काढलं आणि कुठल्याशा एका पेटीतला नंबर बदलून ठेवला. कुठल्या ते सांगितलं नाही. मग आत बोलावलं.

एकेक ओळ येत गेली. हिरव्या अक्षरात ‘ठीक आहे.’ ‘ठीक आहे.’ ‘ठीक आहे.’ साहेब कंटाळून फोन बघायला लागले. मध्येच एक पिवळं ‘बदललं’ आलं, आणि वरच्या मजल्यावर कुठेतरी पेटी वाजली. त्यानंतर पुन्हा ‘ठीक आहे.’

बाई म्हणाल्या, “एवढंच?”

मी म्हटलं, “एवढंच.”

त्यांनी फ्रिजचं दार पंधरा मिनिटं उघडं ठेवून पेटीला फोन लावायला लावला. तो त्यांच्याच पर्समध्ये वाजला. त्यांनी दचकून पर्स टाकली. मग म्हणाल्या, “लावा.” कंत्राटाचे कागद साहेबांनी खणात घातले. फाडले नाहीत, पण खणात घातले.

ज्या मुलांची लस चुकली होती, त्यांना सिस्टरनी फोन करून बोलावलं. सगळी येऊन गेली. मी रोज चौकशी करत होते.

काम झालं. तुला कळवायला हवं म्हणून कळवते. आता विचारण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

स्वतःची काळजी घे.

वि.


१९ जून

आई,

हे पत्र लिहायला बरेच दिवस घेतले, कारण यात मॉड्यूल नाही.

माझी गर्भाशयाची पिशवी काढायची आहे. आत गाठी आहेत. कॅन्सरचं काही नाही, ते तपासून झालं. खूप दिवस अंगावरून फार जायचं, रक्त कमी झालं होतं. फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये पत्रांना उशीर झाला तो त्यामुळे. ‘कामात होते’ असं लिहिलं ते खोटं होतं. तुमच्याशी मुलांबद्दल, पिशवीबद्दल मी काय बोलणार होते? त्या घरात ज्या गोष्टीसाठी आपण सगळे इतके दवाखाने फिरलो, तीच आता काढून टाकायची म्हणून सांगायला जीभ रेटेना.

ऑपरेशन ५ जुलैला आहे. बहीण लांब आहे, तिची परीक्षा चालू आहे, म्हणजे ती शिकवते तिथली. मैत्रीण सोडायला येईल, पण तिला लहान मूल आहे, राहता येणार नाही. हॉस्पिटल म्हणतं, सोबत कुणीतरी हवं. पैसे देऊन बाई मिळते. मी चौकशी केली, मिळाली पण.

मला बाई नकोय. तुम्ही याल का?

तुमच्यावर कसलंही बंधन नाही, हे मला माहीत आहे. विचारायचा हक्क नाही हेही माहीत आहे. तरी विचारते.


२० जून

येते.

४ तारखेला दुपारी पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, मी पत्ता विचारत येते. गॅरेजच्या वर म्हणालीस ना? गॅरेजवाल्यांना सगळे पत्ते माहीत असतात.

रक्त वाढायच्या गोळ्या जेवणानंतर घे. चहाबरोबर घेऊ नकोस.

दवाखान्यांचं लिहिलंस. तेव्हा प्रत्येक वेळी तुमच्या घरी येऊन मी विचारायचे, ‘काय म्हणाले डॉक्टर?’ त्याऐवजी ‘दमलीस का?’ असं विचारायला हवं होतं, हे मला फार उशिरा सुचलं. ते समोर बसून बोलू. नाही बोललो तरी चालेल.

घरात सांगितलं. तो म्हणाला, “तू कशाला जातेस?” मी म्हटलं, “मग तू जातोस का?” संध्याकाळी माझ्या हातात तिकीट दिलं. खिडकीची जागा बघून काढलंय. म्हणाला, “परतीचं काढलेलं नाही. किती दिवस लागतील कुणास ठाऊक.”


२४ जुलै

आई,

पोचल्याचं कळलं. मी बरी आहे. आज पहिल्यांदा जिना उतरून गॅरेजपर्यंत गेले. मालक म्हणाला, “मावशी गेल्या वाटतं? आमच्या पोराला चहा जास्त पितोस म्हणून ओरडून गेल्या.” मी म्हटलं, “एवढ्यावर सुटलात.”

शेरे नाहीत, काम नाही, काही विचारायचं नाही. नुसतंच लिहिते आहे. हात अवघडतोय, पण येतंय.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्स तुमच्याशी बोलत होती. तुम्ही पडद्याच्या पलीकडे होतात. मी डोळे मिटून होते, पण झोपलेली नव्हते.

ती म्हणाली, “पेशंटच्या कोण तुम्ही?”

“सासू.”

“आणि मिस्टर कुठेयत त्यांचे? सकाळपासून दिसले नाहीत.”

“त्यांना मिस्टर नाहीत.”

“अगंबाई! कधी वारले?”

“वारतोय कशाला? चांगला धडधाकट आहे माझा मुलगा. दोघं वेगळे झाले. रीतसर, सह्या करून.”

नर्स म्हणाली, “मग आजी, तुम्ही सासू कशा?”

तुम्ही म्हणालात, “सह्या त्या दोघांनी केल्या. मी कुठे केलीय?”

हसले तर टाक्यांवर ताण येईल म्हणून मी उशी पोटाशी घट्ट धरली. पलीकडे नर्सनं कुठूनतरी खुर्ची ओढत आणली, आणि तुम्ही तिच्यावर टेकल्याचा आवाज मला ऐकू आला.

तुमची
सून